अभिप्राय वहीतलं पुढचं वाक्य

(वाचनालयात वाचकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, वाचनालयाची अभिप्राय वही उघडली की एक वाक्य हमखास भेटतं : ‘पुस्तक अप्रतिम, प्रत्येकाने वाचावे असे.’ १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, तर या वाक्याचं भरघोस पीक येतं. ते ‘बनगरवाडी’ या कादंबरीखाली लिहा नाहीतर ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकाखाली, सारखंच बसतं. म्हणून पहिली चाळणी ही : पुस्तकाचं नाव हाताने झाका. तरीही वाक्य तसंच उभं राहत असेल तर खोडा.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ची. तिच्यावर ‘काहीच घडत नाही’ अशी तक्रार होते. खरं तर मास्तर येतो, शाळा भरू लागते, तालीम उभी राहते, दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. घडतं बरंच, माडगूळकर ते आवाज न चढवता सांगतात, एवढंच. तेव्हा ‘दुष्काळ येईपर्यंत मला वेग मंद वाटला’ असं लिहा. असा वेग आवडणारा वाचक तेवढ्यावरच पुस्तक उचलेल, आणि न आवडणारा त्यातून सुटेल. मत तुमचंच राहिलं, पण दोघांच्याही उपयोगी पडलं.

अर्ध्यात टाकलेल्या पुस्तकावर मत द्यावं का? जरूर द्यावं. कुठे टाकलं ते मात्र सांगावं. भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी ‘कोसला’ (१९६३) पुण्यातल्या वसतिगृहाच्या भागातच मिटणारे पुष्कळ. ‘नुसती बडबड’ हा त्यांचा शेरा तिथवर चालेलही. पण निवेदकाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूशी ती बडबड कशी कोलमडते, हे त्यांनी पाहिलेलं नसतं. आणखी एक, वैताग निवेदकाचा, पांडुरंग सांगवीकरचा आहे. तो थेट नेमाड्यांच्या खात्यावर मांडू नका. प्रथमपुरुषी कादंबरीच्या अभिप्रायात ही गफलत सर्वांत जास्त होते.

आता आवृत्ती. हा मुद्दा कंटाळवाणा वाटतो, पण नेमका इथेच घोटाळा होतो. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ घ्या. १८५७च्या धामधुमीतली भटकंती. चिंतामण विनायक वैद्यांनी ती १९०७ साली संपादून छापली. मूळ लेखन पुढे दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केलं. वैद्यांची प्रत वाचून ‘भटजींची भाषा किती सोपी!’ म्हटलं, तर त्यातली काही शाबासकी संपादकाची असते. अनुवादातही तेच. ‘भाषा बोजड’ लिहिताना अनुवादकाचं नाव द्या, आणि अनुवाद मूळ भाषेतून आहे की इंग्रजीवरून, तेही पाहा. बहुधा पहिल्या दोन-चार पानांत कळतं. म्हणून अभिप्रायाची पहिली ओळ ठरलेली : प्रकाशन, आवृत्तीचं साल, संपादक वा अनुवादक.

पाककृतींचं पुस्तक नुसतं वाचून मत देऊ नये. दोन पदार्थ करून बघा, एक रोजच्या हातचा आणि एक कधीच न केलेला. पहिल्यात लेखिकेची चव कळते, दुसऱ्यात कृती किती नीट लिहिलीय ते. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ वाटी-चमच्याच्या मापाने चालते. सगळं वाटीनेच मोजलं तर आपली वाटी १५० मिलीची असो की २०० मिलीची, प्रमाण तेच राहतं. गडबड होते ती वाटीच्या जोडीला ‘एक नारळ’, ‘दोन कांदे’ किंवा चमच्याने मोजलेलं मीठ आलं की. वाटी मोठी, नारळ तेवढाच. तेव्हा ‘पदार्थ फसला’ लिहिण्याआधी वाटी मोजा, आणि ते माप अभिप्रायात लिहा.

लांबी आठ-दहा ओळी पुरे. त्यात कथानक दोन ओळी, त्याहून जास्त झालं की अभिप्राय संपून सारांश सुरू होतो. दोन जागा पान क्रमांकासह द्या, एक आवडलेली, एक खटकलेली. क्रमांक वाचतानाच चिठ्ठीवर टिपा. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिल नको, कृपा करा. पुस्तक संपल्यावर दोन दिवस थांबून लिहा आणि तोवर मलपृष्ठाकडे फिरकू नका. तिथलं ‘खिळवून ठेवणारं’ आपल्या वाक्यात कधी शिरतं ते कळतही नाही.

कवितासंग्रहाला यातलं निम्मं लागू नाही. तीन कविता मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडली ती ओळ लिहा, आणि ती मुद्दाम अडवलीय असं वाटतं की नाही, ते सांगा. उरलेल्या कविता वाचल्या नसतील तर तसंही लिहून टाका.