दोन सिंहासनं, एक खुर्ची

दिल्लीच्या राष्ट्रपती भवनातला हा दरबार हॉल. इथल्या सिंहासनांची आणि खुर्चीची गोष्ट सांगणारे फोटो आम्ही निवडतोय. खांब जैसलमेरच्या पिवळ्या संगमरवराचे, वर घुमट. झुंबर दोन टनांचं, ३३ मीटर उंचीवरून सोडलेलं. या फोटोत मात्र ते समईएवढं वाटतंय, कारण खाली माणूसच नाही. रिकाम्या दालनाचे फोटो देखणे येतात, पण मापाचा पत्ता लागू देत नाहीत. म्हणून निवड या दुसऱ्याची. जरा धूसर आहे, पण खांबापाशी एक सेवक उभा आहे.

आता बैठक बघा. व्हाइसरॉयच्या काळात मेघडंबरीखाली दोन सिंहासनं असत, एक त्यांचं, एक त्यांच्या पत्नीचं. वास्तुरचनाकार लुटियन्स यांनी नुसती इमारत उभारली नाही, आतल्या बऱ्याच फर्निचरचे आराखडेही त्यांचेच. तेव्हा कोरीवकाम दिसायलाच हवं. १५ ऑगस्ट १९४७ चा शपथविधी इथलाच. नेहरू आणि माउंटबॅटन समोर, सिंहासनं माणसांआड. इतिहासाच्या पुस्तकाला तो फोटो चालेल. आम्हाला सिंहासनाचे पाय हवेत.

मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या छायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी माउंटबॅटन देश सोडून निघाले तो क्षण टिपलाय. अप्रतिम फोटो, पण उघड्यावरचा. जीव हळहळला तरी तो बाजूलाच.

आणि हा फोटो हातात आला की घोटाळा होतो. भवन तेच आणि जिकडे तिकडे मूर्ती! लंडनच्या प्रदर्शनाहून परतलेल्या मूर्ती इथे मांडल्या गेल्या आणि १५ ऑगस्ट १९४९ ला राष्ट्रीय संग्रहालय याच भवनात सुरू झालं. सालाशिवाय फोटो छापला, तर वाचणाऱ्याला वाटेल व्हाइसरॉय या मूर्तींच्या गराड्यातच बसायचे. फोटोखालच्या ओळीत नुसतं 'दरबार हॉल' लिहून भागत नाही. साल नसलेला फोटो कितीही सुंदर असो, आम्ही तो घेणार नाही.

हा पाचव्या शतकातला, गुप्तकाळातला बुद्ध. त्याच्यापुढे आज राष्ट्रपतींची एकच खुर्ची. २६ जानेवारी १९५० ला राजेंद्रप्रसादांनी शपथ घेतली ती याच हॉलमध्ये.

इथल्याच अशोक हॉलच्या (आताच्या 'अशोक मंडपा'च्या) लाकडी जमिनीखाली स्प्रिंगा आहेत, बॉलरूमच्या नाचासाठी बसवलेल्या. त्या कुठल्या फोटोत येणार? तिथे निवेदनाचाच आधार.

संग्रहालय १९६० मध्ये जनपथावर गेलं. २०२४ मध्ये दरबार हॉलचं नाव 'गणतंत्र मंडप' झालं. जुन्या फोटोंखाली मात्र जुनंच नाव ठेवायचं, नवं कंसात.