चिली म्हणजे आधी मिरची

नमस्कार मंडळी. आजच्या पत्रिकेवर ‘घरच्या घरी दाट चिली कॉन कार्ने’ असा विषय छापलाय. ती कशी करायची ते मी सांगणारच आहे; पुढच्या रांगेत वही-पेन घेऊन बसलेल्यांनी निश्चिंत राहावं. पण त्याआधी एक गोष्ट फार दिवस मनात साठली आहे. ती कोल्हापुरात नाही बोलायची तर कुठे बोलायची? तांबडा रस्सा तांबडा कशाने होतो हे ज्या गावाला समजावून सांगावं लागत नाही, तिथे माझं निम्मं काम आधीच झालेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की चिली हा मिरचीचा पदार्थ आहे. सुकी मिरची भाजून, भिजवून, वाटून केलेला गोळा, त्यात मांस आणि चरबी. बाकी सगळं मागाहून आलं. आपल्याकडे मोठ्या हॉटेलात चिली मागवा, काय येतं? टोमॅटोच्या आंबटगोड सॉसमध्ये खिमा, मूठभर राजमा आणि वर किसलेलं चीज. रंग टोमॅटोचा, दाटपणा कॉर्नफ्लोअरचा, तिखटपणा वरून भुरभुरलेल्या पुडीचा. मिरची शोधून सापडत नाही. चव बिघडते याचं वाईट वाटतंच, पण हा पदार्थ ज्या बायकांनी घडवला त्या त्यातून पार पुसल्या जातात, याचा मला जास्त राग येतो. म्हणून आधी त्या बायकांबद्दल.

गाव सॅन अँटोनियो, दक्षिण टेक्सास. मेक्सिकोची सीमा तिथून मोटारीने दोन-अडीच तासांवर. १८३६पर्यंत हा मुलूख मेक्सिकोचाच होता आणि त्याच्या आधी स्पेनचा. १७३१ साली स्पेनच्या राजाने कॅनरी बेटांवरून ५६ माणसं इथे वसायला पाठवली. चिलीतलं भरपूर जिरं त्यांच्याबरोबर आलं, असं तिथले लोक मानतात. मिरची मात्र कुणाला आणावी लागली नाही, ती तिथलीच. टेक्सासच्या दक्षिणेला झुडपांवर वाटाण्याएवढी रानमिरची आजही उगवते. आपल्याकडे मिरची आली पोर्तुगीजांच्या जहाजांतून, सोळाव्या शतकात, गोव्याच्या बंदरावर. ज्ञानेश्वर महाराजांच्या काळात महाराष्ट्रात कुणी मिरची खाल्लेली नाही, हे मी कोल्हापुरात सांगते तेव्हा लोक माझ्याकडे जरा संशयाने बघतात. आत्ताही बघतायत! पण खरं आहे. तेव्हाचं तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि आलं.

तर सॅन अँटोनियोत मिलिटरी प्लाझा नावाचा मोठा चौक होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या चौकात दिवसा बाजार भरायचा. गवताच्या, लाकडाच्या, कापसाच्या गाड्या लागायच्या. संध्याकाळ झाली की त्या गाड्या निघून जायच्या आणि मेक्सिकन बायका यायच्या. दिवसभर घरी रांधलेल्या चिलीची भांडी हातगाडीवर किंवा छोट्या गाडीवर चढवून आणायच्या. चौकातच मेस्कीटच्या लाकडाचा जाळ करायचा, त्यावर भांडी पुन्हा गरम करायची. लांब फळ्यांची टेबलं, त्यावर मेणकापड, बसायला बाकडी, आणि प्रत्येकीच्या टेबलावर रंगीत काचेचा कंदील. दहा सेंटमध्ये थाळीभर चिली मिळे. बाजूला शिजवलेला घेवडा असे. बाजूला, बरं का, वेगळा! हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सोबत टॉर्टिया, म्हणजे मक्याची पातळ पोळी. कधी तमाले, म्हणजे मक्याच्या पिठात मांस भरून मक्याच्याच सालपटात गुंडाळून वाफवलेले.

खाणारे कोण? गाडीवान, सैनिक, गुरं हाकणारे काउबॉय. १८७७ला रेल्वे आली, त्यानंतर पूर्वेकडचे हौशी प्रवासीही. रात्री नाटक संपलं की उंची कपड्यातली मंडळी त्याच बाकड्यावर गाडीवानाच्या शेजारी येऊन बसत. वाजवणारे गिटार घेऊन टेबलांमधून फिरत. या बायकांना वर्तमानपत्रांनी नाव दिलं चिली क्वीन्स, चिलीच्या राण्या. राण्या म्हणायचं आणि मान द्यायचा नाही, ही रीत आपल्याला अनोळखी नाही. बातमीदार त्यांच्या डोळ्यांविषयी, केसांतल्या फुलांविषयी रकाने भरून लिहीत. पण मिरची कोणती, किती वेळ भिजवली, पाट्यावर किती वाटली, मांस कोणत्या भागाचं घेतलं, हे विचारायचं कुणाला फारसं सुचलं नाही. पाटा त्यांचाही असतो, लाव्ह्याच्या दगडाचा, तीन पायांवर उभा. त्याला मेताते म्हणतात. त्यावर गुडघे टेकून वाटायचं. ज्या बाईने रोज शंभर माणसांचं वाटण काढलं, तिच्या खांद्याचं काय होत असेल हे इथल्या वयस्कर बायकांना सांगायला नको.

१८८९मध्ये त्या चौकाच्या मधोमध नगरपालिकेच्या इमारतीचं काम सुरू झालं आणि बायकांना उठवलं गेलं. त्या दुसऱ्या चौकात गेल्या. तिथूनही पुढे हलल्या. १८९३मध्ये शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं, तिथे सॅन अँटोनियोच्या नावाने चिलीचं दुकान लागलं. १८९३, शिकागो म्हटल्यावर तुमच्या मनात काय आलं ते मला ठाऊक आहे. बरोबर, त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्म परिषद भरली होती आणि स्वामी विवेकानंद तिथे बोलले होते. स्वामीजी मोठे खवय्ये आणि मिरचीचे शौकीन. चिलीच्या दुकानापर्यंत त्यांची पावलं पोचली होती असा कुठे उल्लेख नाही, पण मला तशी कल्पना करायला आवडतं.

आता दुसरं पात्र. विल्यम गेबहार्ट, जर्मनीहून आलेला माणूस. सॅन अँटोनियोजवळच्या न्यू ब्राउनफेल्स या जर्मन वस्तीत त्याचा कॅफे होता. त्याची अडचण खरी होती, कारण चांगली मिरची ठरावीक हंगामातच मिळे. त्याने मेक्सिकोहून अँचो मिरची मागवायला सुरुवात केली, ती मांस दळायच्या हातयंत्रातून काढली, वाळवली, जिरं, ओरेगानो, लसूण असं सगळं मिसळून पूड केली. १८९४च्या सुमाराची ही गोष्ट. १८९६मध्ये त्याने ‘ईगल’ हे व्यापारचिन्ह नोंदवलं आणि कारखाना सॅन अँटोनियोला हलवला. माणूस कल्पक होता, मेहनती होता, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. त्या पुडीमुळे चिली अमेरिकाभर पोचली. पुढे ती डब्यातही आली.

इथे एक धोक्याची सूचना. अमेरिकन पाककृतीत ‘तीन मोठे चमचे चिली पावडर’ असं लिहिलेलं असतं. ती म्हणजे आपलं लाल तिखट नव्हे. तो तयार मसाला असतो, आपल्या कांदा-लसूण मसाल्यासारखा, आणि त्यातली मिरचीही सौम्य असते. तीन चमचे लवंगी मिरचीचं तिखट घालून कुणी चिली केली, तर जेवण तिथेच संपेल.

तर पूड डब्यात गेली, डबा दुकानात गेला, धंदा वाढला. आणि त्याच गावात, त्याच वर्षांत, राण्यांचं काय झालं? १९३०च्या दशकात आरोग्य खात्याने नियम काढले. उघड्यावर विकायचं नाही, जाळीचा तंबू हवा, भांडी धुवायची अमुक सोय हवी. स्वच्छता हवीच, तिला माझा विरोध नाही. पण चौकात नळ आणि मोऱ्या बांधून देणं नगरपालिकेला अशक्य होतं का? ज्या बायकांच्या जिवावर गावाने जगभर नाव कमावलं, त्यांना जाळीच्या तंबूत बसवलं आणि मग उठवलं. १९३९मध्ये मॉरी मॅव्हरिक महापौर झाले, त्यांनी या बायकांना परत आणलं. पण ते फार टिकलं नाही. १९४३पर्यंत सगळं संपलं. पुढे १९७७मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने ठराव करून चिली हा राज्याचा अधिकृत पदार्थ म्हणून जाहीर केला. ज्यांनी तो चौकात उभा केला त्यांचे हात रिकामे, आणि पदार्थाला राजमान्यता! खाऊगल्लीतल्या गाड्या उठवताना आपल्याकडे जी भाषा वापरतात ती ऐकली की मला मिलिटरी प्लाझा आठवतो. रात्री शिवाजी पेठेत जाताना या विषयावर जरूर बोला आपसात.

घेवडा वेगळा असायचा म्हटलं ना, त्यावरून टेक्सासमध्ये केवढी भांडणं! १९६७ साली टर्लिंगुआ नावाच्या ओसाड गावात, जिथे पूर्वी पाऱ्याच्या खाणी होत्या, तिथे चिलीचा सामना झाला. टेक्सासकडून विक फाउलर नावाचा पत्रकार. समोर न्यूयॉर्ककडचा विनोदी लेखक एच. ॲलन स्मिथ, ज्याने ‘माझ्याइतकं चिलीतलं कुणाला कळत नाही’ असं मासिकात लिहून टेक्सासचा रोष ओढवून घेतला होता. त्याच्या चिलीत घेवडा होता! परीक्षक तिघं. एकाचं मत इकडे, एकाचं तिकडे, आणि तिसऱ्याने घास थुंकून टाकला, जिभेला लकवा मारला असं जाहीर केलं. सामना बरोबरीत. तेव्हापासून दर नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी तिथे जत्रा भरते, आणि तिथल्या स्पर्धेचा नियम असा की घेवडा, भात, शेवया, काहीही आत घालायचं नाही. मिसळ पुण्याची चांगली की कोल्हापूरची, हा प्रश्न मी या सभागृहात विचारणार नाही, पण टर्लिंगुआचा राग तुम्हाला कळेल.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली. घ्या वह्या.

एक किलो मांस. टेक्सासमध्ये गाईचा खांदा घेतात, कारण त्यात स्नायूंना धरून ठेवणारे धागे भरपूर असतात. ते हळूहळू विरघळले की रस्सा ओठाला चिकटतो, खरा दाटपणा तिथून येतो. महाराष्ट्रात २०१५पासून गाय-बैलाच्या मांसाला बंदी आहे. तेव्हा बोकडाचा खांदा आणि नळी घ्या. टेक्सासमध्येही बकऱ्याची, हरणाची चिली होतेच. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना हरणाची आवडायची, आणि त्यांच्या घरच्या पाककृतीला इतकी मागणी आली की ती कार्डांवर छापून पाठवावी लागे. खिमा नको. सुपारीएवढे तुकडे हातानं कापून घ्या.

मिरची. साठ ग्रॅम अँचो. ती म्हणजे पोब्लानो मिरची पिकवून सुकवलेली, काळपट, रुंद, सुरकुतलेली. तिखट अगदी कमी, स्कोव्हिलच्या मापाने हजार ते दोन हजार. ती नसेल तर चाळीस ग्रॅम ब्याडगी आणि मूठभर काळे मनुके. रंग ब्याडगी देईल, अँचोचा गोडवा मनुके देतील. तिखट हवं तर गडहिंग्लजच्या बाजारातली संकेश्वरी चार-पाच. देठ आणि बिया काढा. तवा मध्यम आचेवर ठेवा, मिरची उलथन्याने दाबून धरा, एका बाजूला दहा-पंधरा सेकंद, मग दुसऱ्या बाजूला. अँचो असेल तर तिची कातडी मऊ होते, जरा फुगते, आणि मनुक्यासारखा, किंचित तंबाखूसारखा वास सुटतो. त्या क्षणी उतरवायची. काळा ठिपका पडला की ती मिरची टाकून द्या, एक करपली तरी अख्खं भांडं कडू होतं. गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. ते पाणी चाखा. कडू असेल तर ओता, नसेल तर त्यातच वाटा. गंधासारखं बारीक झालं पाहिजे.

मांस कोरडं पुसून, मीठ लावून, चरबीत किंवा तेलात थोडं थोडं तांबूस परता. एकदम सगळं घातलंत तर पाणी सुटेल आणि ते नुसतं उकडेल. मांस काढा, त्याच भांड्यात दोन कांदे, दहा पाकळ्या लसूण, भाजून कुटलेलं जिरं दोन चहाचे चमचे, ओरेगानो एक चमचा. आता वाटण घाला आणि कड सुटेपर्यंत परता. हे तुम्हाला शिकवायला नको. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात उतरत नाहीत, म्हणून ही पायरी चुकवली तर पुढे कितीही शिजवा, कट येत नाही. मांस परत घाला, लिटरभर गरम पाणी, आणि अडीच तास मंद आचेवर, नुसते बुडबुडे येतील इतकंच. टोमॅटो घालायचाच असेल तर एक. शेवटी दोन चमचे मक्याचं पीठ पाण्यात कालवून. तिकडे ते चुन्याच्या निवळीत शिजवलेल्या मक्याचं असतं, त्याचा वास वेगळा. आपलं पीठ आधी खमंग भाजून घ्या. थोडं लिंबू, मीठ बघा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी खा. वर गोठलेली चरबी हवी तेवढी ठेवून बाकी काढता येते.

हो, विचारा. कुकर? मांस कुकरमध्ये शिजेल, पण पाणी आटणार नाही. तीन शिट्ट्या करा आणि मग झाकण काढून अर्धा तास आटवा. राजमा करा की, वेगळ्या वाटीत करा. भाकरी चालेल, मक्याची असेल तर फारच छान. अँचो मी थोडी आणली आहे, मागच्या टेबलावर ताटात ठेवलीय, शेजारी ब्याडगी. दोन्ही मोडून वास घेऊन बघा, आणि मग हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका.