हाताला कळलेला पाठ

श्रोतेहो, सस्नेह नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्याकडे शाळांच्या सहलींचा हंगाम सुरू होतो. पहाटे शाळेच्या फाटकाशी बस लागते, मुले डबे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत चढतात, दिवसभरात चार-पाच ठिकाणे पाहून होतात आणि रात्री पेंगुळलेली मुले पालकांच्या स्वाधीन केली जातात. मुलांना त्यात मनापासून आनंद होतो आणि त्या आनंदाला माझी मुळीच हरकत नाही. परंतु प्राथमिक शाळेत शिकवणारी शिक्षिका म्हणून मला आज ज्या क्षेत्रभेटीविषयी बोलायचे आहे, ती याहून जवळची, कमी खर्चाची आणि शिक्षकाकडून अधिक तयारी मागणारी आहे. तिचा क्रम ठरलेला आहे. आधी वर्गात एखादी वस्तू मुलांच्या हातात द्यायची, ती हाताळताना त्यांना प्रश्न पडू द्यायचे, आणि त्यांतल्या ज्या प्रश्नाचे उत्तर वर्गात मिळत नाही, त्याच्या शोधात मुलांना घेऊन बाहेर पडायचे. हा क्रम उलटला, म्हणजे आधी भेट आणि मग वर्गात येऊन 'आपण काय पाहिले' यावर दहा ओळी, असे झाले, की मुले पुष्कळ पाहतात आणि त्यांतले फार थोडे त्यांचे होते.

कृतीतून शिकण्याचा विचार आपल्या भागाला परका नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरपासून रेल्वेने दीड तासाच्या आत येणाऱ्या वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगाच्या आधाराने शिक्षण देण्याची, नई तालीम या नावाने ओळखली गेलेली कल्पना तिथे देशापुढे आली. पुढे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाने, बिया, शंख-शिंपले अशा परिसरातल्या वस्तूच बालशिक्षणाचे साहित्य केल्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही कृती, शोध आणि अन्वेषण यांतून मुलांनी शिकावे, असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा एखादी शिक्षिका मुलांना मातीत हात घालायला लावते, तेव्हा ती अभ्यासक्रम बाजूला सारत नसते, तर कायद्याने सांगितलेले कामच करत असते.

आता एक उदाहरण थोडे सविस्तर सांगते. विदर्भातल्या मुलाला कापूस ठाऊक असतो, असे आपण गृहीत धरतो. शहरातल्या मुलाला तो औषधाच्या दुकानातल्या निळ्या कागदाच्या गुंडाळीपुरताच ठाऊक असतो. नोव्हेंबरात वेचणी सुरू असताना कुणा पालकाच्या गावाहून फुटलेली बोंडे मागवावीत आणि पाच-पाच मुलांच्या गटाला मूठभर द्यावीत. बोंड हातात आल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही, की त्याची वाळलेली टोके बोटाला चांगलीच टोचतात, आणि वेचणाऱ्या बायांच्या बोटांविषयी मुलांनी विचारलेला पहिला प्रश्न इथेच जन्मतो. मग आतले चार-पाच कप्पे मोजले जातात. एका कप्प्यातला कापूस उकलून सरकी, म्हणजे कापसाचे बी, वेगळी करायला घेतली, की ती सहज सुटत नाही. तंतू बीला घट्ट धरून असतात, ओढावे तर तुटतात, आणि सुटलेल्या सरकीवर तरीही बारीक लव राहतेच. अर्धा तास वर्गात अशी शांतता असते, की जी कोणत्याही शिक्षेने आणता येत नाही.

त्यानंतर वजनकाटा काढावा. स्वयंपाकघरातला लहान काटा पुरतो. पन्नास ग्रॅम कापसातून निघालेली रुई, म्हणजे नुसते तंतू, एका पारड्यात आणि सरकी दुसऱ्या पारड्यात घातली, की मुले चक्रावतात, कारण डोळ्यांना दिसणारा ढीग रुईचा मोठा असतो आणि वजन मात्र सरकीचे जवळजवळ दुप्पट भरते. 'मॅडम, काटा बिघडला आहे,' असे चौथीतली एक मुलगी मला ठामपणे म्हणाली होती, आणि तिने तीन गटांकडून पुन्हा वजने करून घेतल्याशिवाय ते मान्य केले नाही. कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते हा अपूर्णांक त्या वर्गाला पुन्हा समजावून सांगावा लागला नाही. आकार आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्याच तासाला उमगले.

आता प्रश्न आपोआप येतात. पन्नास ग्रॅमला इतका वेळ लागतो, तर गाड्या भरभरून येणाऱ्या कापसाची सरकी कोण काढतो? काढलेल्या सरकीचे पुढे काय होते? या प्रश्नांसाठी सरकी काढणाऱ्या जिनिंग फॅक्टरीत जायचे. तिथे फिरत्या रोलरला चिकटून तंतू पुढे जातात आणि सरकी मागे राहून खाली पडते, हे पाहताना मुलांना आपल्या चिमटीतली धडपड आठवते. ज्याने हाताने सरकी सोडवली नाही, त्याला ते यंत्र केवळ आवाज करणारे यंत्र वाटते. सरकीचे तेल आणि गुरांना घालायची ढेप होते, हे तिथले कामगार सांगतात. दाबून बांधलेल्या गाठीचे वजन १७० किलो असते, हेही तिथेच कळते, आणि एका गाठीसाठी सुमारे पाच क्विंटल कापूस लागत असणार, हा हिशेब पाचवीची मुले परतीच्या बसमध्ये तोंडी करतात. तिथे उडणाऱ्या बारीक तंतूंमुळे नाकाला रुमाल बांधावा, यंत्रापासून किती अंतरावर उभे राहायचे ते मालकांशी आधी बोलून ठरवावे, आणि दम्याचा त्रास असलेल्या मुलाला आत न नेता त्याच्याकडे बाहेर वजनकाट्यावर येणाऱ्या गाड्यांची नोंद सोपवावी.

याच धाग्याने शहराचा इतिहासही हाती लागतो. जमशेटजी टाटा यांनी १८७७ मध्ये आपली एम्प्रेस मिल मुंबईत न काढता नागपुरात काढली, ती का, हा प्रश्न मुलांना नकाशासमोर उभे करून विचारावा. कापूस इथला, कोळसा जवळचा आणि रेल्वेही तोवर नागपुरात येऊन पोहोचलेली, अशी कारणे मुले स्वतः शोधून काढतात. ती मिल आता नाही, परंतु तिथे काम केलेल्यांची नातवंडे आपल्या वर्गांत आहेत. गोळीबार चौकाच्या, पाचपावलीच्या बाजूला माग चालवलेले आजोबा आहेत. अशा एखाद्या आजोबांना सन्मानाने वर्गात बोलवावे, त्यांना खुर्ची द्यावी, आणि ताण्याचे उभे धागे कसे लावतात, बाण्याचा आडवा धागा कसा जातो, तो नेणारा धोटा हातात कसा धरतात, हे त्यांच्याकडून ऐकावे. मुलांनी रंगीत कागदाच्या पट्ट्यांची चटई त्यांच्यासमोर विणावी. ज्या मुलाचे आजोबा त्या दिवशी गुरुजी होतात, त्या मुलाची मान वर्षभर ताठ राहते, आणि माझ्या मते शाळेने द्यावयाच्या गोष्टींत ही फार वरची गोष्ट आहे.

दुसरे उदाहरण पाण्याचे. पावसाळ्यात दोन काचेच्या पेल्यांत गढूळ पाणी घ्यावे, एकात तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवावा, दुसरे पाणी तसेच ठेवावे, आणि दोन्ही पेले खिडकीत ठेवून दर दहा मिनिटांनी चित्र काढायला सांगावे. तुरटीमुळे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. वरचे पाणी नितळ दिसू लागले की मुले म्हणतात, आता हे प्यायला हरकत नाही. नेमके इथे थांबावे. नितळ पाणी आणि निर्जंतुक पाणी यांत फरक आहे, डोळ्यांना न दिसणारे जंतू त्यात असू शकतात, म्हणून क्लोरीन घालतात किंवा पाणी उकळतात, हे या क्षणी सांगितलेले मुलांच्या मनात जसे रुजते तसे ते पुस्तकातल्या चौकटीतून रुजत नाही. मग आपल्या नळाचे पाणी कुठून येते? नळापासून वस्तीतल्या जलकुंभापर्यंत तर पायीच जाता येते. पुढे पेंच आणि कन्हान या नद्यांच्या नावांपर्यंत नकाशावर बोट फिरते, आणि रीतसर परवानगी घेऊन जलशुद्धीकरण केंद्र पाहिले, तर आपल्या पेल्यातली तुरटी तिथे केवढ्या टाक्यांत काम करते, ते दिसते. ज्या नदीवरून या शहराने नाव घेतले, त्या नाग नदीकडेही एखाद्या पुलाच्या कठड्याआडून मुलांना पाहू द्यावे. ती अशी काळी का, हे मुले विचारतील. त्या प्रश्नाचे उत्तर मोठ्यांनी खरे द्यावे.

काही भेटींसाठी तर फाटकही ओलांडावे लागत नाही. अंगणात एक सरळ काठी रोवून दर तासाला तिच्या सावलीच्या टोकाशी खडूची खूण करणे, एवढ्यावर आठवडाभराचा भूगोल चालतो. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने वर्षातून दोनदा, मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्याच्या सुमारास, सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. मे महिन्यात शाळेला सुट्टी आणि जुलैत ढग, ही अडचण खरी. पण ढग फाटले तर ती संधी सोडू नये.

संग्रहालयांबाबत एवढेच सांगेन, की एका वेळी एकच दालन पाहावे. १८६३ मध्ये सुरू झालेले आपले मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला नागपूरकर अजब बंगला म्हणतात, ते दोन तासांत संपवण्याची वस्तू नव्हे. एका दालनासमोर एक प्रश्न घेऊन बसलेले मूल, रांगेने सगळी दालने ओलांडणाऱ्या मुलापेक्षा जास्त शिकते. रामन विज्ञान केंद्रातही एकच उपकरण निवडून त्याची साधी प्रतिकृती शाळेत करून पाहता येते.

शिक्षकांच्या अडचणी मी जाणते. एका वर्गात पन्नास मुले, अभ्यासक्रम पूर्ण करण्याची घाई, माहिती भरण्याची न संपणारी कामे आणि काही विपरीत घडले तर येणारी जबाबदारी, यांतले काहीही खोटे नाही. म्हणून भेट लहान ठेवावी. शिक्षकाने जागा आधी स्वतः जाऊन पाहावी, पालकांचे लेखी संमतिपत्र घ्यावे, दहा मुलांमागे एक मोठे माणूस सोबत राहील इतके पालक बोलवावेत, पाण्याच्या काठावर मुलांना उतरू देऊ नये, आणि फेब्रुवारीनंतर उन्हाचा विचार करून सकाळी दहाच्या आत परतावे. वर्गणी मागावी लागेल अशी भेट शक्यतो ठरवूच नये, कारण पैसे न आणल्यामुळे मागे राहिलेले एक मूल त्या भेटीतून जे शिकते, ते आपल्याला शिकवायचे नसते.

पालकांना माझी एक कळकळीची विनंती आहे. प्रकल्पाच्या नावाखाली दुकानातून तयार थर्माकोलचा ज्वालामुखी आणून देऊ नका, आणि रात्री जागून मुलाची वही स्वतः सजवू नका. वाकडी चिकटवलेली, डिंकाने माखलेली, पण मुलाने स्वतः केलेली वस्तू शाळेत येऊ द्या. आणि आम्ही शिक्षकांनीही देखण्या वहीला जास्त गुण देण्याची सवय सोडली पाहिजे, नाहीतर पालकांना बोलण्याचा आम्हाला अधिकार राहत नाही.

भेटीहून परतल्यावर लगेच निबंध लिहायला लावू नये. दुसऱ्या दिवशी फळ्यावर जुने प्रश्न पुन्हा मांडावेत, कोणत्या प्रश्नांची उत्तरे मिळाली त्यांच्यासमोर खूण करावी, आणि उरलेले प्रश्न पुसून न टाकता कागदावर उतरवून भिंतीला लावावेत. जिनिंग फॅक्टरीहून आल्यावर आमच्या भिंतीवर 'सरकीवरची लव कशी काढतात?' हा प्रश्न बरेच दिवस होता. सध्या शेतांत बोंडे फुटू लागली आहेत. येत्या आठवड्यात शिक्षकांनी वर्गात नुसते एवढे विचारावे, की कुणाच्या गावी कापूस आहे, आणि पुढच्या सोमवारी मूठभर बोंडे घेऊन कोण येऊ शकेल.

नमस्कार.