कॅरिबियन बेटांवर ग्लुटेन टाळताना

श्रोतेहो, नमस्कार.

गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे सीलिअ‍ॅक आजार असलेल्या माणसाच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते, आणि त्यावर आयुष्यभराच्या पथ्याखेरीज आज तरी दुसरा उपाय नाही. असे पथ्य सांभाळत कॅरिबियन समुद्रातील बेटांवर सुटीला जाणाऱ्यांसाठी आजचे हे भाषण आहे.

या बेटांच्या मातीत गहू रुजला नाही. वसाहतींच्या काळात उत्तर अमेरिकेतून जहाजांनी पीठ येई, स्थानिक लोकांचे पोट मात्र कसावा, मका, सुरणासारखे कंद आणि कच्ची केळी यांवर भरे. पुढे 1793 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या कॅप्टन ब्लाय याने मळ्यांतील गुलामांना स्वस्त अन्न मिळावे म्हणून सेंट व्हिन्सेंट आणि जमैकात ब्रेडफ्रूटची रोपे पोहोचवली. कोकणातल्या श्रोत्यांना हा नीरफणस परका वाटणार नाही. तिकडे तो अख्खाच निखाऱ्यावर साल काळी होईपर्यंत भाजतात. कसावा म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो. जमैकात तो किसून, पिळून, दाबून त्याची जाड भाकरी करतात, तिला बॅमी म्हणतात, आणि ती नारळाच्या दुधात भिजवून तळतात. क्युबा, हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताकातील कसाव्याच्या पातळ, कडक भाकरीचा 2024 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत समावेश झाला.

एवढे ऐकून निर्धास्त होऊ नये. जमैकाची राजधानी किंग्स्टनजवळच्या हेलशायर किनाऱ्यावर तळलेल्या मासळीबरोबर बॅमी मिळते आणि ‘फेस्टिव्हल’ नावाचे गोडसर, लांबट वडेही मिळतात. त्या वड्यांत मक्याच्या पिठाबरोबर मैदा असतो, आणि दोन्ही एकाच कढईत तळले जात असतील, तर निर्दोष बॅमीही पथ्याला चालत नाही. बार्बाडोसचे मक्याचे पीठ आणि भेंडी घोटून केलेले कूकू निर्धोक असते, पण सोबतचा उडता मासा कधी कधी मैद्यात घोळवून तळलेला असतो. ग्रेनाडात ब्रेडफ्रूट नारळाच्या दुधात शिजवतात आणि त्याच भांड्यात कणकेचे गोळे सोडतात. जर्क चिकन, म्हणजे मसाला चोळून भाजलेली जमैकन कोंबडी, हिच्या मसाल्यात पुष्कळदा सोया सॉस असतो, आणि नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतोच. म्हणूनच ‘ग्लुटेन आहे का’ असे मोघम विचारण्यापेक्षा मैदा, सोया सॉस आणि तळणाचे तेल या तीन गोष्टी नावानिशी विचाराव्यात, असे माझे मत आहे.

आपल्या लोकांची खरी फसगत होते ती त्रिनिदादमध्ये. 1845 पासून तेथे गेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांनी आपले खाणे जपले, त्यामुळे ओळखीचा वास येतो आणि हात आपोआप पुढे जातो. परंतु तेथील डबल्स या छोल्यांच्या पदार्थातली ‘बारा’ नावाची तळलेली पुरी, दालपुरी आणि रोटी हे सगळे मैद्याचे असते. अळूच्या पानांची सहीना पाहून अळूवडी आठवते. तिच्या पिठात मात्र डाळीबरोबर बहुधा मैदाही मिसळलेला असतो. बाजारच्या हिंगात गव्हाचे पीठ असते हे ज्यांनी डबी वाचून शिकून घेतले आहे, त्यांना ही सावधगिरी नवी नाही. त्याच पानांचे कलालू नावाचे कालवण कणकेच्या गोळ्यांशिवाय केले असेल, तर भाताबरोबर पोटभर खावे.

बेट निवडताना कायद्याचाही विचार करावा. पोर्तो रिको अमेरिकेच्या अखत्यारीत असल्याने ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेल्या वेष्टनातील पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावे लागते. शिवाय केळी कुटून केलेले मोफोंगो तिथलेच. ग्वादलूप आणि मार्टिनिक या फ्रेंच बेटांवर युरोपीय नियमांनुसार उपाहारगृहांनाही गव्हासारखे घटक ग्राहकाला कळवावे लागतात. सर्व खर्च एकदाच भरून राहण्याच्या मोठ्या रिसॉर्टमध्ये बुफेचे डाव या भांड्यातून त्या भांड्यात फिरतात. तेथे मांडलेले अन्न घेण्यापेक्षा आचाऱ्याला आदल्या दिवशी भेटून वेगळे ताट मागावे.

पेयांत बिअर जवाची, म्हणून वर्ज्य. उसापासून काढलेली साधी रम चालते. मात्र माल्टा हे मद्यविरहित, काळपट, गोड पेयही जवाचेच असते आणि लहान मुलांच्या हाती ते सहज दिले जाते. पथ्यावरचे मूल बरोबर असेल, तर त्याच्यासाठी शहाळे मागवावे.