कुसळ

(दृश्य: हातमोजा घातलेली बोटं, चिमटा, मोज्याची कड. मागे व्हॅक्यूम क्लीनरचा आवाज.)

हे गवताचं कुसळ आहे. जेमतेम अर्धा सेंटिमीटर. धावायच्या मोज्याच्या विणीत ते कधी रुतलं, हे मोजा ज्यांचा आहे त्या बाईंना आठवत नाही. सरावाची कुठली तरी पहाट असेल, कुठला तरी माळ असेल. तिथून विमानं बदलत, मग जहाजातून, ते त्यांच्यासोबत इथवर आलं. उद्या सकाळी त्या अंटार्क्टिकात मॅरेथॉन धावणार आहेत. कुसळ मात्र इथून पुढे जाणार नाही.

(दृश्य: उश्वायाचा धक्का, संध्याकाळ. जहाजाच्या शिडीवर रांग.)

अर्जेंटिनाचं उश्वाया. मागे बर्फाचे डोंगर, पुढे बीगल खाडी. शिडी चढणाऱ्यांच्या हातांकडे पाहा. मोठं सामान आधीच वर गेलंय, पण प्रत्येकाने एक लहान पिशवी स्वतःजवळ ठेवलीय. त्यात धावायचे बूट आहेत. बाकी सगळं हरवलं तर उसनं मिळेल, पायाला सरावलेले बूट कोण देणार?

किंग जॉर्ज बेटावर ही मॅरेथॉन १९९५ पासून होते. दक्षिण शेटलंड बेटांमधलं हे सर्वांत मोठं बेट, ६२ अंश दक्षिणेला. खंडाच्या आत बर्फावर धावायची शर्यत निराळी, तिथे विमानाने नेतात. या शर्यतीचे धावपटू जहाजाने समुद्र ओलांडून येतात.

(दृश्य: जहाजाचं नाक लाटेत बुडतं, वर येतं. जेवणघरात जमिनीला साखळीने बांधलेल्या खुर्च्या.)

केप हॉर्नपासून दक्षिण शेटलंडपर्यंत सुमारे ८०० किलोमीटर. हा ड्रेक पॅसेज. या अक्षांशावरून निघून पूर्वेकडे सरळ जात राहिलात, तर पृथ्वीची प्रदक्षिणा पूर्ण होते, पण वाटेत जमीन लागत नाही. वाऱ्याला अडवणारं काही नाही, लाटेलाही नाही. महिनोन्‌महिने तीस-तीस किलोमीटर पळालेली माणसं इथे कठडा धरून चालतात. पाय भक्कम असून उपयोग नसतो. बोट लागते ती कानातल्या तोलामुळे.

दुसऱ्या दिवशी धुकं दाटतं आणि पाण्याचं तापमान थोड्याच अंतरात दोन-तीन अंशांनी उतरतं. उत्तरेचं उबदार पाणी इथे संपलं. अंटार्क्टिकाभोवती अखंड फिरणारा हा थंड प्रवाह म्हणजे त्या खंडाची तटबंदी आहे. लाखो वर्षं तिने बाहेरचं बी-बियाणं, किडे, बुरशी बाहेरच ठेवली. आपलं जहाज ती दोन दिवसांत पार करतं, शंभर जोड बूट घेऊन.

(दृश्य: जहाजाची मडरूम, म्हणजे किनाऱ्यावर जायचे बूट-कपडे घालायची आणि धुवायची खोली. जमिनीवर बसलेली माणसं, मांडीवर जॅकेट, हातात ब्रश.)

म्हणून ही दुपार. जहाजावरच्या मार्गदर्शकांनी एकेका डेकची नावं पुकारली आहेत. जमिनीवर नेणार असाल ती प्रत्येक वस्तू आणायची: बूट, मोजे, पँट, टोपी, हातमोजे, पाठपिशवी, कॅमेऱ्याची पिशवी. जे नवं कोरं आहे तेही.

आधी खिसे उलटे करायचे. खिशाच्या शिवणीत जमलेला भुगा व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा. मग व्हेल्क्रो. हे सर्वांत चिवट. व्हेल्क्रोच्या आकड्यांमध्ये काय काय अडकतं ते या दृश्यात दिसेल: लोकर, केस, वाळलेलं पान, गवताचं बी. चिमट्याने एकेक उपटायचं. मग बुटाचे तळवे. डोंगरातल्या बुटांच्या खाचा खोल असतात आणि त्यांत माती सिमेंटसारखी बसलेली असते. ती सरळ केलेल्या पेपरक्लिपने कोरून काढायची. बुटाच्या जिभेखाली बघायचं. नाडीची भोकं बघायची. चालायच्या काठीचं टोक काढून आतून पुसायचं. शेवटी जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये उभं राहायचं आणि तपासलं म्हणून सही करायची.

इथे कोणाला घाई नाही. समोरचे गृहस्थ पाऊण तास एकाच बुटावर आहेत. शेजारच्या मुलीने स्वतःचं झाल्यावर त्यांचा दुसरा बूट मांडीवर ओढून घेतला.

एवढं कशासाठी, ते याच बेटावर पाहायला मिळतं. संपूर्ण अंटार्क्टिकात मूळच्या फुलझाडांच्या जाती फक्त दोन आहेत, एक गवत आणि एक उशीसारखं वाढणारं छोटं रोप. १९८५-८६च्या उन्हाळ्यात किंग जॉर्ज बेटावरच्या पोलंडच्या आर्क्टोव्स्की या संशोधन तळाजवळ तिसरं काहीतरी उगवलेलं दिसलं. पोआ ॲन्युआ. जगभरच्या हिरवळींवर आणि खेळाच्या मैदानांवर उगवणारं साधं गवत. कुणाच्या तरी बुटातून किंवा सामानातून आलं. इमारतींच्या कडेने पसरलं, हिमनदी मागे हटल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत जाऊन रुजलं. शास्त्रज्ञांनी ते हाताने खणून काढायला घेतलं, पण मातीत पडलेलं बी डोळ्यांना दिसत नाही.

(दृश्य: पहाट. राखाडी पाणी. नांगराची साखळी.)

उतरायचं की नाही, हे वारा ठरवतो. २००१ साली त्याने नाही म्हटलं. रबरी होड्या पाण्यात सोडता येईनात, तेव्हा धावपटू जहाजाच्या डेकवरच गोल गोल धावले. चारशेहून जास्त फेऱ्या, पूर्ण ४२.१९५ किलोमीटर.

आज होड्या सोडल्या. एका ठिकाणी एका वेळी शंभराहून जास्त प्रवासी उतरवायचे नाहीत, हा अंटार्क्टिकातल्या सहल-संस्थांच्या संघटनेचा नियम. होडीत बसलेल्यांच्या कपड्यांवर पाणी उडतंय, बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे आहेत.

(दृश्य: किनारा. निळ्या-लाल इमारती, टेकडीवर लाकडी चर्च. खडीचा रस्ता.)

चिलीचा तळ, त्याला लागून रशियाचं बेलिंग्सहाउझेन. वर दिसतंय ते २००४ साली उभारलेलं रशियन ऑर्थोडॉक्स चर्च, वाऱ्याने उडू नये म्हणून साखळ्यांनी बांधलेलं. पलीकडे उरुग्वेचा आर्टिगास आणि चीनचा ग्रेट वॉल. या तळांना जोडणारी खडीची वाट, तीच शर्यतीची वाट. त्याच वाटेवर पुन्हा पुन्हा जायचं आणि यायचं.

पाण्याच्या टेबलावर कागदी पेले नाहीत. प्रत्येकाची बाटली, तिच्यावर त्याचं नाव. खाऊचं वेष्टण जहाजावरच काढून ठेवायचं, कारण वाऱ्याने उचललेला कागद पुन्हा सापडत नाही. वाटेबाहेर पाऊल नको. कडेला दिसतंय ते हिरवट मखमली शेवाळ वर्षाला काही मिलिमीटर वाढतं. एक बूट पडला की ठसा कित्येक वर्षं राहतो. आणि पेंग्विन आडवा आला तर थांबायचं. अंतर पाच मीटर, घड्याळ चालू राहिलं तरी.

(दृश्य: चिखल, चढ, वाकलेल्या पाठी. निवेदन नाही, फक्त वारा आणि श्वास.)

(दृश्य: दुरून जहाज, धुराची रेघ.)

हे जहाजही इंधन जाळतं, आणि अलीकडे एकाच हंगामात एक लाखाहून जास्त पर्यटक अंटार्क्टिकाला येऊन जातात. तो हिशेब व्हॅक्यूमने साफ होत नाही.

(दृश्य: शेवटची धावपटू. टाळ्या. हातमोज्यांमुळे आवाज येत नाही.)

(दृश्य: वाटेवरचे झेंडे उपटले जातात.)

खुणेचे झेंडे मोजून लावले होते, मोजून काढले. टेबलं दुमडली. पिपं आली होती तशीच भरून होडीत परत चढली. चिखलावरचे ठसे बर्फ पडला की जातील.

(दृश्य: पुन्हा मडरूम. पाण्याची नळी, ब्रश, तपकिरी पाणी.)

आता उलट दिशेने. या बेटाची मातीही पुढच्या बेटावर जाता कामा नये. गळ्यात पदक अडकवलेल्या बाई त्याच कोपऱ्यात बसल्या आहेत. पाय सुजलेत, नाडी सुटत नाही. मार्गदर्शक ब्रश देतो. त्या बूट उलटा करतात आणि पहिल्या खाचेपासून सुरुवात करतात.