कागदावरचे दोन थेंब

(दृश्य : पांढरा कागद. त्यावर दोन थेंब.)

एकाच कागदावर दोन तेलं. डावीकडे कडुनिंबाच्या बियांचं, उजवीकडे निलगिरीच्या पानांचं. काही तासांनी पाहा. कडुनिंबाचा तेलकट डाग तसाच आहे. निलगिरीचा जवळजवळ गेलाय, खोलीत वास तेवढा दरवळतोय.

झाडावरच्या किडीसाठी दोन्ही वापरतात. पण एक बिया दाबून काढलेलं, दुसरं पानांतून वाफेवर काढलेलं. आपली गोष्ट या उडून जाणाऱ्या तेलाची.

(दृश्य : अळीच्या कुशीवरचे बारीक ठिपके, अगदी जवळून.)

हे ठिपके म्हणजे श्वासरंध्रं. तेलाची वाफ इथून आत शिरते. लवंगेतलं युजेनॉल कीटकाच्या अंगातल्या ऑक्टोपामिन या रसायनाच्या कामात ढवळाढवळ करतं. कीटकाची हालचाल, उडणं, हृदयाचे ठोके या रसायनाच्या इशाऱ्यावर चालतात. माणसाच्या शरीरात ते नावापुरतंच असतं. ओव्यातलं थायमॉल मज्जातंतूंवर वेगळ्याच ठिकाणी घाव घालतं. एकेका तेलात अशी कितीतरी रसायनं, त्यामुळे सगळ्यांना एकदम सरावणं किडीला जड जातं.

‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, असं मात्र कुणी धरून चालू नये. तेच युजेनॉल कडक फवारलं तर पानं करपतात. तणनाशकातही ते असतंच की!

(दृश्य : फांदीवर पिठ्या ढेकणांचा पांढरा थर.)

अशा उघड्यावरच्या, मऊ अंगाच्या किडीवर फवारा नीट बसतो. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन तिचं मेणाचं कवच मोडतं. खोडाच्या सालीखाली बोगदे करणाऱ्या अळीचं काय? तिथवर पोचायच्या आत तेल हवेत विरलेलं असतं. म्हणून ते सूक्ष्म कुप्यांत कोंडून हळूहळू सोडायचे प्रयोग चालतात.

(दृश्य : उत्तर अमेरिकेतलं पाइनचं जंगल. खोडावर राळेचे ओघळ.)

इथे वासाचा खेळ उलटा आहे. पाइनच्या राळेतलं अल्फा-पायनीन कीटकांना घातकच. पण सालभुंगेऱ्याची मादी ते पचवते, त्याचंच व्हर्बेनॉल बनवते आणि त्या वासाने बाकीच्यांना आवतण धाडते. झाडाचं हत्यार झाडावरच! खोडात गर्दी झाली की व्हर्बेनॉलपासून तयार झालेलं व्हर्बेनोन वाढतं. त्याचा अर्थ : जागा भरली, पुढे व्हा.

काही रोझमेरी तेलांतही हेच व्हर्बेनोन सापडतं.

(दृश्य : खोडाला ठोकलेली छोटी पुडी.)

या पुडीत तेच आहे. निरोगी खोडावर ‘जागा नाही’ची खोटी पाटी. इथे कुणाला मारायचं नाहीच. भुंगेरा नुसता वळला पाहिजे. तो वळतोही. पण जंगलात भुंगेऱ्यांचं पेव फुटलं, की ही पाटी फारसं कुणी जुमानत नाही.