वीस घरांचा पट

(‘जंप’ या जपानी चित्रकथा-नियतकालिकातल्या पात्रांच्या, निन्टेन्डो डीएस या दोन पडद्यांच्या हातातल्या यंत्रावरच्या खेळांविषयीच्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘जंप सुपर स्टार्स आणि जंप अल्टिमेट स्टार्स : खेळाडूंचे चार आक्षेप आणि त्यांची उत्तरे’. आक्षेप चार आहेत, उत्तरंही तयार आहेत आणि पाऊण तासात सगळं उरकायचा शब्द दिलाय. पण त्याआधी एक शब्द निस्तरू द्या, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील. कोमा.

हसा, हसून घ्या. पेशंट कोमात गेला, तो हा कोमा नव्हे. मंगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, पानावर ज्या चौकटी असतात, त्यातल्या एका चौकटीला जपानीत कोमा म्हणतात. आणि गंमत अशी की शोगीच्या, म्हणजे त्यांच्या बुद्धिबळाच्या, सोंगटीचा उच्चारही कोमाच. लिहायची अक्षरं वेगळी, कानाला एकच. हा खेळ नेमका त्या दोन शब्दांच्या मधे उभा आहे. मंगाची चौकट हीच इथे सोंगटी. एवढं ज्याला कळलं त्याला खेळ कळला. ज्याला नाही कळलं त्याने मत मात्र दिलं. माझं भांडण त्या दुसऱ्या माणसाशी आहे.

गोकू कोण, लुफी कोण, ही ‘जंप’च्या नायकांची ओळख या खोलीत सांगायला लागलो तर तुम्ही मला खाली बसवाल. तेव्हा तारखा तेवढ्या सांगतो. ‘शोनेन जंप’ हे शुएशा या प्रकाशनसंस्थेचं नियतकालिक १९६८ साली पाक्षिक म्हणून निघालं, पुढे साप्ताहिक झालं, आणि नव्वदीच्या दशकात त्याचा खप पासष्ट लाखांच्या वर गेला. त्यातली पात्रं एका खेळात आणायची कल्पना जुनी आहे. फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जुन्या घरगुती यंत्रावर १९८९ साली ‘फॅमिकॉम जंप’ आला होता. निन्टेन्डो डीएसवर ‘जंप सुपर स्टार्स’ आला ८ ऑगस्ट २००५ ला, सत्तावीस मालिका घेऊन. ‘जंप अल्टिमेट स्टार्स’ आला २३ नोव्हेंबर २००६ ला, एक्केचाळीस मालिका घेऊन. केन्शिरो, सेइया, किन्निकुमान ही ज्येष्ठ मंडळी दुसऱ्या खेपेला आली. दोन्ही खेळ गानबारियनने बनवले, निन्टेन्डोने काढले आणि दोन्ही जपानबाहेर अधिकृतपणे कधीच आले नाहीत. त्याकडे येतोच.

आता पट. वरच्या पडद्यावर हाणामारी, खालच्या टचस्क्रीनवर तुमचा डेक. डेक म्हणजे आडवी पाच, उभी चार, अशी वीस घरं. या वीस घरांत तुम्ही मंगाच्या चौकटी बसवायच्या. एका घराचा कोमा हेल्प, दोन किंवा तीन घरांचा सपोर्ट, म्हणजे लढताना त्याच्या चौकटीला बोट लावलं की मदतीला धावून येतो तो, आणि चार घरांपासून पुढे बॅटल, म्हणजे जो प्रत्यक्ष वर जाऊन लढतो तो. ‘सुपर’मध्ये बॅटल कोमा सात घरांपर्यंत जातो, ‘अल्टिमेट’मध्ये आठ. प्रत्येक प्रकारातला निदान एक तरी हवाच, आणि बॅटलपैकी एकाला लीडर नेमायचं. एवढं झालं की डेक पास.

पण कोमाला आकार असतो. मूळ मंगातली चौकट जशी आडवी, उभी, पायरीसारखी, तशीच ती इथे येते आणि ती फिरवता येत नाही. गोकूला कुशीवर वळवता येत नाही. म्हणून हिशेब नुसता घरांचा राहत नाही. समजा तुम्हाला आठ-आठ घरांचे दोन दणकट लढवय्ये हवेत. आठ अधिक आठ सोळा, उरली चार, म्हणजे तीनचा एक सपोर्ट आणि एक हेल्प. कागदावर झकास. आता समजा ते दोन्ही चार बाय दोनचे आडवे आहेत. एकाखाली एक ठेवले की पटाच्या एका कडेला एकच उभा रकाना उरतो, चार घरांचा. त्यात तीनचा सपोर्ट बसेल तो फक्त सरळ उभा. तुमचा आवडता सपोर्ट कोनासारखा वळलेला असला, तर घरं चार रिकामी असूनही तो आत येत नाही. लोकलमध्ये जागा असते पण सामान आडवं असतं, तसं. मग एका लढवय्याला आठवरून सातवर उतरवायचं, की सपोर्ट बदलून दोनचा घ्यायचा आणि दोन हेल्प बसवायचे? हा निर्णय म्हणजे हा खेळ. मारामारी नंतर होते.

शिवाय शेजार. काही पात्रं एकमेकांची सोबती असतात. त्यांचे कोमा बॅटल कोमाला चिकटून ठेवले की लढवय्याला जास्तीचं बळ मिळतं. म्हणजे कोण घ्यायचं याच्याइतकंच कोण कुणाच्या शेजारी बसायचं हे महत्त्वाचं. लग्नाच्या पंगतीची बैठक ज्यांनी कधी लावलीय त्यांना हे दोन मिनिटांत कळतं.

आणि आता जी गोष्ट एकाही परीक्षणात वाचायला मिळत नाही ती : अंगठा. डीएसचा पडदा कर्णात सुमारे तीन इंचांचा. रुंदी साधारण एकसष्ट मिलिमीटर, उंची शेहेचाळीस. पट सगळा पडदा भरून घेतो असं धरलं तरी एका घराच्या वाट्याला येतात जेमतेम बारा बाय साडेअकरा मिलिमीटर. मोठ्या माणसाच्या अंगठ्याचं टोक त्याहून रुंद. लढाई चालू असताना स्टायलस, म्हणजे पडद्यावर टेकवायची काडी, काढायला वेळ नसतो, म्हणून बोट लावायचं, आणि बोट म्हणजे अंगठाच, कारण बाकीची चार यंत्र धरून आहेत. डावा अंगठा दिशेच्या बटणांवर, उजवा हल्ल्याच्या बटणांवर. डावा उचलला तर पात्र जागच्या जागी थिजतं. उजवा उचलला तर मारता येत नाही, पण पळता येतं. तेव्हा उचलायचा तो उजवा. आणि उजवा अंगठा सहज पोहोचतो तो पटाच्या उजवीकडच्या दोन रकान्यांपर्यंत.

यातून डेक लावायची सरळ पद्धत निघते. लढताना वारंवार बोलवायचे सपोर्ट उजवीकडच्या दोन रकान्यांत ठेवा. शक्यतो दोन सपोर्ट एकमेकांना चिकटू देऊ नका. मधे मोठा बॅटल कोमा घाला, म्हणजे निशाणा चुकला तरी भलतंच पात्र धावून येणार नाही. बॅटल कोमा चार ते आठ घरांचा, त्याला डोळे मिटूनही बोट लागतं; तो डावीकडे गेला तरी चालेल, कारण लढवय्या बदलायचा तो थोडी उसंत असताना. ज्या हेल्पला लढताना हात लावायची गरज नाही, तो जिथे अंगठा जात नाही तिथे, मधल्या पट्ट्यात किंवा वरच्या डाव्या कोपऱ्यात. अडचण कुठे येते? शेजाराचा नियम आणि अंगठ्याचा नियम एकमेकांच्या उरावर बसतात. सोबती डावीकडच्या लढवय्याला चिकटून हवा, पण तो सपोर्ट असेल तर अंगठ्याला उजवीकडे हवा. मग लढवय्यालाच उजवीकडे सरकवा, डावा कोपरा हेल्पनी भरा. बहुतेक वेळा सुटतं. काही वेळा नाही सुटत, तेव्हा शेजारावर पाणी सोडायचं. चुकीचा सपोर्ट धावून येण्यापेक्षा थोडं कमी बळ परवडलं.

(इथे श्रोत्यांतून प्रश्न : डावखुऱ्यांनी काय करायचं?) बटणांच्या जागा डावखुऱ्यांसाठीही त्याच, त्यामुळे रकाने तेच. डावखुऱ्यांवर हा अन्याय जुनाच आहे, कात्रीपासूनचा.

प्रत्येक कोमाला एक प्रकृती असते हेही जाता जाता सांगतो. बळ, बुद्धी आणि हास्य. तिघांत दगड-कागद-कात्रीसारखं चक्र. मारामारीच्या खेळात हास्य हा एक स्वतंत्र पंथ करून ठेवणारे लोक मला आवडतात. बोबोबो हे पात्र नाकातल्या केसांनी लढतं, आणि त्याला इथे विनोदी पाहुणा म्हणून कोपऱ्यात बसवलेलं नाही, लढायला पाठवलंय. व्यवहारातला मुद्दा एवढाच की एकाच पात्राच्या वेगवेगळ्या आकाराच्या कोमांची प्रकृती आणि खास हल्ले वेगळे असू शकतात. ‘माझ्याकडे गोकू आहे’ या वाक्याला अर्थ नाही. किती घरांचा, ते सांगा.

आणि म्हणून माझी तक्रार. ‘बटणं बडवायचा खेळ आहे, खोली नाही’ असं मत देणाऱ्याला मी एकच विचारतो, डेक दाखवा. बहुतेकदा डेक असतो तो खेळाने सुरुवातीला हातात दिलेला. त्यात एक चौकट इकडची तिकडे केलेली नसते. हे म्हणजे दुसऱ्याने वाटलेली पानं न बघता उतरायची आणि रमीत अक्कल लागत नाही म्हणायचं. किंवा हार्मोनियमच्या भात्याला हात न लावता पट्ट्या दाबायच्या आणि पेटी बिघडलीय म्हणून उठायचं. खेळाडूंची मतं चुकीची असतात असं नाही. पण मत देणारा कुठल्या डेकवर, किती जणांत आणि दोन्हींपैकी कुठल्या खेळावर बोलतोय हे मतासोबत यायला हवं. चौघांच्या गर्दीतलं मत आणि दोघांच्या सामन्यातलं मत, ही दोन वेगळ्या खेळांवरची मतं आहेत. कुणी म्हणेल, एवढं कोण लिहितं? अहो, आमटी बिघडली म्हणतानासुद्धा माणूस मीठ जास्त की कमी ते सांगतो.

…चिठ्ठी आली. सात मिनिटं. पत्रिकेवरचा विषय अजून सुरूच व्हायचाय. ठीक आहे, चारही आक्षेप उभ्या उभ्या घेऊ.

पहिला, बडवाबडवी. चौघांत खेळाल तर खरा आक्षेप आहे. पडदा तीन इंची, चार पात्रं, त्यांचे सपोर्ट, भिंत फुटली की कुणीतरी बाहेर फेकला जातो. स्वतःचा माणूस शोधण्यातच अर्धा वेळ. दोघांत खेळा. खास हल्ले आणि सपोर्ट एकाच गेजमधून, म्हणजे शक्तीच्या साठ्यातून, खर्च होतात. पाच सपोर्ट भरलेला डेक कागदावर भारी दिसतो, प्रत्यक्षात गेज कायम रिकामा आणि लढवय्या साध्या ठोशांवर. सपोर्ट दोन, फार तर तीन. ‘सुपर’मधली हालचाल जड वाटली असेल तर तीही तक्रार बरोबर, धावत झेप घेणं ‘अल्टिमेट’मध्ये आलं, आणि एकदा त्याची सवय लागली की मागे जाववत नाही.

दुसरा, समतोल. ‘मोठा कोमा घेतला की जिंकलं.’ नाही. प्रत्येक लढवय्याची प्राणशक्ती वेगळी मोजली जाते. आठ-आठचे दोन घेतलेत तर माणसं दोनच. चार-चारचे तीन घेतलेत तर बारा घरं गेली, आठ उरली, त्यात तीनचे दोन सपोर्ट आणि दोन हेल्प बसतात, आणि लढायला तीन माणसं. नवख्याने इथून सुरुवात करावी. पात्रापात्रांत उन्नीस-बीस आहेच, ते मी नाकारत नाही. त्यापेक्षा माझा आवडता फक्त सपोर्टमध्येच का, ही तक्रार मला जास्त खरी वाटते. ‘स्लॅम डंक’ या बास्केटबॉलच्या मालिकेतली पोरं लढवय्ये नाहीत, चेंडू घेऊन येतात आणि जातात. सोसावं लागतं.

तिसरा, जपानी भाषा. खेळ बाहेर आला नाही, कारण शोधायला फार लांब जायला नको. चाळीस मालिकांचे परदेशातले हक्क वेगवेगळ्या हातांत, त्या सगळ्यांना एका टेबलाशी बसवणार कोण? पण डीएसच्या या साध्या कार्डांना प्रदेशाचं कुलूप नाही. जपानी कार्ड कुठल्याही डीएसमध्ये चालतं. अडतं ते मोहिमांच्या अटींपाशी, कारण त्या वाचता आल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. ‘अल्टिमेट’साठी चाहत्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर आहे. त्यावाचून खेळायचं असेल तर तीन प्रकृतींची चिन्हं ओळखायला शिका : 力 बळ, 知 बुद्धी, 笑 हास्य — माफ करा, ही फळ्यावर काढून दाखवली होती, शब्दांकन करणाऱ्यांनी तशीच ठेवावीत. ‘अल्टिमेट’मध्ये नवे कोमा रत्नं खर्चून, वंशावळीसारख्या आराखड्यात एकातून दुसरा असे उघडतात, तो आराखडा न वाचताही उमजतो. रत्नं मात्र दहा पात्रांवर उधळू नका. एकाचा वंश आधी वाढवा.

चौथा, ऑनलाइन. ‘सुपर’मध्ये ते नव्हतंच, जवळ बसून वायरलेसवर. ‘अल्टिमेट’मध्ये होतं, आणि लॅगची, म्हणजे बटण दाबल्यावर हालचाल उशिरा होण्याची, तक्रार करणारे खोटं बोलत नव्हते. ज्या खेळात अंगठा अर्ध्या क्षणात जाऊन परत यायचा असतो, तिथे उशिरा धावून आलेला सपोर्ट रिकाम्या जागेवर वार करतो. निन्टेन्डोची ती सेवा २० मे २०१४ ला बंद झाली, त्यामुळे आता वाद मिटलाच. शेजारी बसून चौघांत अजूनही चालतं.

दुसरी चिठ्ठी. बरं. दोन डीएस बाहेर चहाच्या टेबलाशी ठेवलेत, दोन्हींत ‘अल्टिमेट’ आहे. डेक अर्धवट लावून ठेवलाय, उजवीकडचे दोन रकाने मोकळे सोडलेत. चहाचा हात पुसून घ्या.